पडद्याकडे पाठ

काकूंनी गोंदियातली एकही टॉकीज सोडली नाही आणि एकही पिक्चर पाहिला नाही.

हे मी कोणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी कोडं घालते आहे. कोडंबिडं काही नाही. काकू रीतसर तिकीट काढायच्या, आत जायच्या, अगदी पुढची रांग धरायच्या आणि पडद्याकडे पाठ करून बसायच्या. खुर्चीवर गुडघे टेकलेले, खुर्चीच्या पाठीवर हनुवटी, आणि नजर मागच्या लोकांवर. पिक्चर त्यांच्या पाठीमागे चालायचा आणि त्या पिक्चर पाहणाऱ्यांना पाहायच्या. मागच्या रांगेतला माणूस थोडा वेळ सहन करायचा, मग म्हणायचा, "मॅडम, पिक्चर उधर है."

"मालूम है. तुम देखो ना. मैंने कब मना किया?"

कोणी फारच खोदून विचारलं तर सांगायच्या, "पडद्यावरचं सगळ्या गावात सारखंच राहते. गोंदियात आला म्हणून पिक्चर बदलते का? माणसं बदलतेत. मंग जे बदलत नाही ते मी कायले पाहू?"

त्यामुळे पिक्चर कसा आहे हे काकूंना विचारण्यात मजा होती. हिरो कोण, गोष्ट काय, त्यांना सांगता यायचं नाही. त्या म्हणायच्या, "इंटरवलच्या आदी बाया पदर डोळ्याले लावतेत, शेवटी पोट्टे शिट्ट्या मारतेत, आन मधात एक गाणं आहे, त्यात अर्धी टॉकीज लघवीले जाते." आणि खरं सांगते, एवढ्यावरून पिक्चर पाहावा की नाही हे बरोबर कळायचं.

काकू माझ्या घरमालकीण. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला त्यांचं घर. पुढच्या खोलीत फोटो स्टुडिओ, मागे दोन खोल्या भाड्याच्या, त्यातली एक माझी. मी तिरोड्याकडच्या खेड्यातली. आमची धानाची शेती, थोडी आपली, थोडी दुसऱ्याची ठेक्यानं केलेली. आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकणारी पहिली मी, आणि पदवी घेऊन घरी परतणारीही पहिली मीच. हे मी कुठंही छातीवर हात ठेवून सांगते. सांगताना लाजत नाही, आणि त्या पदवीत काकूंचा वाटा किती हे सांगतानाही लाजत नाही.

खोली पाहायला बाबा आणि मी गेलो तेव्हा ओसरीवर ना खाट होती ना प्लास्टिकची खुर्ची. टॉकीजमधल्या खुर्च्यांची एक आख्खी रांग तिथं जमिनीत बोल्टनं ठोकलेली होती. बाबांनी बसायची फळी खाली दाबली आणि जपून बसले. त्यांना सवय होती हे मला दिसलं. मी बसायला गेले तर फळी टणकन उडाली आणि मी पडता पडता राहिले. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. बारीक अंगाच्या, केस पांढरे, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी नाव विचारलं नाही, जात विचारली नाही, बारावीचे मार्क विचारले नाहीत. बाबांकडे बघून एवढंच म्हणाल्या, "बालकनी का थर्ड?"

मला काही कळलं नाही. बाबांना कळलं. "थर्ड," ते म्हणाले. "अगदी पडद्याच्या बुडाशी. मान अकडे."

काकू खूश झाल्या. "थर्डचा माणूस चांगला. बालकनीवाल्याले पिक्चर आवडला तरी तो टाळी वाजवत नाही." मग माझ्याकडे वळल्या. "आन तू वो?"

"मी टॉकीजमधी गेलीच नाही."

"म्हणजे?"

"कधीच नाही गेली. आमच्या घरच्या बाया नाही जात."

काकू मटकन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. "आन हिची माय, भाऊ?"

बाबांनी जमिनीकडे पाहिलं. "तेही नाही."

"खोली दिली," काकू म्हणाल्या. "पण आदी हिले टॉकीज दाखवू द्या मले. पयल्यांदा टॉकीजमधी आलेल्या बाईचं तोंड... ते पाहाच लागते."

फाटकाबाहेर आल्यावर बाबा हळूच म्हणाले, "बाई डोक्यानं जराशी हाललेली दिसते वो. पण घर साफ आहे." मी राहिले.

त्या घरात राहणं म्हणजे टॉकीजमध्ये राहणंच होतं. शहरातली एखादी टॉकीज बंद पडली की काकू मालकाकडे जाऊन एक वस्तू मागून आणत. एकच, दुसरी नाही. ओसरीवरची रांग एकीची. नळाला पाणी आलं की काकू जी घंटा बडवायच्या ती दुसरीची. सगळी गल्ली ती घंटा ऐकून बादल्या घेऊन धावायची. माझ्या खोलीच्या दाराला मखमलीचा जाड पडदा होता, मळलेल्या लाल रंगाचा, तिसऱ्या टॉकीजचा. त्याला बिडीचा आणि फुटाण्यांचा वास यायचा. पहिला आठवडा त्या वासानं मला झोप येईना. नंतर नंतर सुटीत गावी गेले की त्या वासाशिवाय झोप येईना.

लाईट गेली की काकू डोअरकीपरची जुनी बॅटरी घेऊन यायच्या. परीक्षेच्या दिवसांत तर हमखास. माझ्या तोंडावर उजेड कधीच पडू द्यायच्या नाहीत. खाली, पायांच्या पुढे टाकायच्या, आणि मग हळूच पुस्तकावर आणायच्या. "तोंडावर बॅटरी मारते तो डोअरकीपर हलका," त्या सांगायच्या. "पायाकडं मारा लागते. एक पायरी दिसली का माणूस आपोआप पुढं जाते." पुस्तकावर तो पिवळा गोल ठेवून त्या उभ्या राहायच्या. मी म्हणायचे, काकू बसा. त्या म्हणायच्या, डोअरकीपर बसत नाही.

काकूंचा धंदा पासपोर्ट फोटोंचा. कॉलेजची पोरं, नोकरीला अर्ज करणारे, नवीन लग्न झालेले. तोंड आखडून बसलेल्या माणसाला त्या "हसा" असं कधी म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, "समजा, लाईट गेली. पडदा उघडून राहिला." बस. एवढं ऐकलं की भल्याभल्यांचं तोंड सैल पडायचं, डोळे थोडे मोठे व्हायचे, आणि खट्. शहरात अर्ध्या लोकांच्या ओळखपत्रावर तेच तोंड आहे, काहीतरी सुरू व्हायची वाट पाहणारं.

माझ्या कॉलेजच्या ओळखपत्राला फोटो हवा होता. मी स्टुलावर बसले. काकूंनी कॅमेरा लावला. "समज, लाईट गेली. पडदा उघडून..."

"काकू, मी टॉकीज पाहिलीच नाही. कसं समजू?"

काकूंनी कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं. "मंग आज तुझा फोटो होत नाही. उद्या टॉकीज, परवा फोटो."

"अवो काकू, उद्या शेवटची तारीख आहे!"

"कॉलेजले सांग, पोट्टीचं तोंड अजून तयार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला त्या मला घेऊन गेल्या. स्टेशनच्या अलीकडची टॉकीज. शहरातल्या जुन्या टॉकीजपैकी तेव्हा ती एकच चालू होती. अंधार झाला, समोरची ती एवढी मोठी भिंत उजळली, आणि तिच्यावर आमच्या घराएवढं एक बाईचं तोंड आलं. मी मोठ्यानं "बाप्पा!" म्हणाले. पुढच्या रांगेतून काकूंनी टाळी वाजवली. मग पूर्ण पिक्चरभर त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी रडले, त्या बघत होत्या. मी घाबरून शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला, त्या बघत होत्या. शेवटी मी वैतागले. "काकू, मी पिक्चर पाहू का तुमाले पाहू?"

"मले कायले पाहते? माझ्यात काय आहे पाहासारखं!"

बाहेर येऊन आम्ही समोसे घेतले. काकू म्हणाल्या, "एवढं चांगलं तोंड दिसलं तुझं, आन फोटो नाही. अंधार." आणि तिथं, सायकल स्टँडच्या कठड्यावर बसून, त्यांनी मला आपलं दुखणं सांगितलं.

टॉकीजचे फोटो तर काकूंनी कितीतरी काढले होते. तिकिटाच्या खिडकीचं ते भोक, हात घालून घालून ज्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. रांग दाबून ठेवणारे लोखंडी पाइप. बायांची वेगळी खिडकी. मुतारीची भिंत. खुर्चीच्या पाठीवर खिळ्यानं कोरलेली नावं. गंजलेली हाऊसफुल्लची पाटी. नुसत्या इमारती म्हणून नाही काढायच्या त्या. म्हणायच्या, "या गावात शेठ, हमाल, पोवार, गोंड, विटा वाहणारी छत्तीसगडची रेजा, वकील, सगळे एकाच गोष्टीवर एकाच वक्ताले हासले अशी दुसरी जागा दाखव मले. मंदिरात जा, तिथंबी कोण कुठं उभा राहील ते ठरलेलं आहे. टॉकीजमधी तिकिटं वेगळी, पण अंधार सगळ्याले एकच."

आणि नेमकं तेच त्यांच्या एकाही फोटोत नव्हतं. भरलेली टॉकीज. पिक्चर पाहणारी तोंडं.

"टॉकीज भरली का अंधार," त्या म्हणाल्या. "उजेड आला का इंटरवल, आन इंटरवल झाला का सगळे बाहेर. माणसं आहे तर उजेड नाही, उजेड आहे तर माणसं नाही. फ्लॅश मारला का तोंड मरते." एकदा एका मॅनेजरला गळ घालून त्यांनी चालू पिक्चरमध्ये मिनिटभर दिवे लावून घेतले होते. जी शिवीगाळ झाली विचारू नका. कोणीतरी चप्पलही फेकली. "फोटो निघाला. पण ते पिक्चर पाहणारे तोंड नव्हते वो. शिव्या देणारे होते."

त्यांना एक फोटो हवा होता. एकच. बाकी सगळे फोटो त्यासाठी रियाज होता म्हणा.

आणखी एक रीत होती त्यांची. तिकिटाशिवाय फोटो नाही. बंद पडलेल्या टॉकीजमध्येही त्या आधी खिडकीशी जायच्या, वाकून भोकात हात घालायच्या आणि म्हणायच्या, "एक थर्ड." आत जाळी, धूळ, पालींची अंडी. क्षणभर थांबून हात बाहेर काढायच्या आणि मगच आत शिरायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "काकू, आत कोणी नाही."

"मले दिसते ना. पण तिकिटाबिगर आत जाणं बरं दिसत नाही."

कोरोनात स्टेशनकडची टॉकीजही बंद झाली, आणि मग ती उघडलीच नाही. मी शेवटच्या वर्षाला असताना बातमी आली की मालक ती पाडून तिथं लग्नाचा हॉल आणि दुकानं काढणार. काकूंनी जेवण सोडलं नाही, रडल्या नाहीत, पण नळाची घंटा वाजवायला विसरल्या. गल्ली त्या दिवशी बिनापाण्याची राहिली.

मग त्या मालकाकडे जायला लागल्या. शेठ भला माणूस. गादीवर बसून हसायचा. "काकी, अब क्या रखा है उसमें? चमगादड़?"

"एक दिन दे दो, शेठ."

"करोगी क्या?"

"लोग बिठाऊंगी."

शेवटी शेठनं हात जोडले. "ठीक है. दीवाली के बाद वाला इतवार आपका, सोमवार मेरा."

आता लोक बसवायचे तर त्यांना दाखवायचं काय? पिक्चरची मशीन कधीच निघून गेली होती, पण पडदा होता, ठिकठिकाणी शिवलेला. मी म्हटलं, काकू, तुमचेच फोटो दाखवू. गोंदियातल्या सगळ्या टॉकीज, गोंदियातल्याच टॉकीजमध्ये. आमच्या सरांनी कॉलेजचा प्रोजेक्टर द्यायचं कबूल केलं. काकू आधी नाही म्हणाल्या, मग दोन दिवस घरात गुणगुणत फिरल्या. स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला आमंत्रण सुरू झालं.

"कौन सा पिक्चर है?"

"पिक्चर नहीं. फोटो."

"फोटो तो मोबाइल में है, काकी."

असं रोज. कोणी तोंडावर हसलं, कोणी "जरूर आएंगे" म्हणालं, आणि त्याच्या सुरातच कळत होतं की तो येणार नाही.  काकू ओसरीवरच्या त्या रिकाम्या रांगेत एकट्या बसलेल्या दिसायच्या. मी बाबांना फोन केला. म्हटलं, बाबा, असं असं आहे, काकूंच्या टॉकीजमध्ये लोक पाहिजेत, गावातले जमतील तेवढे आणा. आईला आणाच.

"बरं," बाबा म्हणाले. "सांगतो गावात."

बाबांनी काय सांगितलं असेल याचा मी विचार केला नाही. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, दुकानं लागतात आणि रात्रभर नाटक चालतं. त्या दिवसांत दुसरा विषय नसतो. तर बाबांनी पारावर जाऊन, गावाला समजेल अशा भाषेत सांगून टाकलं, "गोंदियाले टॉकीजची मंडई आहे. इतवारी. दिवसाची."

रविवारी सकाळी काकू आणि मी प्रोजेक्टर, टेबल, वायरी, काकूंचा कॅमेरा, ट्रायपॉड घेऊन रिक्षानं टॉकीजवर पोचलो. काकू सवयीनं तिकिटाच्या खिडकीकडे गेल्या आणि तिथंच थांबल्या. खिडकी नव्हती. चौकटीसकट उखडून नेलेली, भिंतीला नुसतं भगदाड. आम्ही आत धावलो. आत एकही खुर्ची नव्हती. उतरत्या फरशीवर बोल्टांची भोकं तेवढी रांगेनं राहिली होती. दोन्ही बाजूंचे दरवाजे गेलेले, दारांवरचे पडदे गेलेले. समोरचा शिवलेला पडदा तेवढा जागेवर होता. काकूंनी शेठला फोन लावला.

"काकी, क्या बोलूं," पलीकडून आवाज आला. "भंगारवाला एक दिन पहले आ गया. मुझे भी अभी पता चला."

काकू पडद्यापुढच्या पायरीवर बसल्या. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर उताणे. "राहू दे वो," त्या म्हणाल्या. "टॉकीज नाही राहिली हे. गोडाऊन झालं. तुझ्या बाबाले फोन कर, नका येऊ म्हणा. लोक बसतीन कुठं?"

मी फोन लावला. रिंग वाजली, आणि ती टॉकीजमध्येच वाजली.

जिथं दरवाजा असायचा त्या उजेडात बाबा उभे होते. पांढरा सदरा, टोपी, आणि खांद्यावर चटयांची ही मोठी गुंडाळी. गावाचे ट्रॅक्टर यायच्या आधी ते पहाटेच्या गाडीनं एकटेच पुढे आले होते.

"बाबा, एवढ्या सकाळी?"

"जागा धराले आलो. मागून आलं का मागं बसा लागते."

मंडईच्या नाटकाला बसायचं आपलं आपण न्यावं लागतं. चटई, सतरंजी, धानाचा रिकामा बोरा, जे असेल ते. आणि आधीच कोणीतरी जाऊन ते पसरून जागा धरून ठेवावी लागते. आमच्या गावात हे कोणाला सांगावं लागत नाही. बाबा मंडईला निघाले होते, म्हणून चटया घेऊन निघाले होते.

काकू पायरीवरून उठल्या नाहीत. "कायची जागा धरता, भाऊ? खुर्च्या नेल्या सगळ्या. एकही नाही ठेवली."

बाबांनी हॉलभर नजर फिरवली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मग काकूंकडे अशा नजरेनं पाहिलं जणू काकूच खेड्यातून आल्या आहेत.

"मंग? मंडईले खुर्च्या कोन ठेवते?"

आणि ते चालत पुढे गेले, अगदी पडद्याच्या बुडाशी, मधोमध. तिथली धूळ टोपीनं झटकली, एक चटई पसरली, तिच्या शेजारी दुसरी पसरली, आणि पहिलीवर मांडी घालून बसले. मान वर करून पडद्याकडे पाहिलं.

"थर्ड," ते म्हणाले. "हेच होय."

काकू बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी आपला तळहात पुढे केला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मला वाटलं यांना चक्कर येते आहे. मी धावले.

"हात पाह्य माझा," त्या म्हणाल्या. "उजेड पाह्य किती आहे."

"हो काकू. दरवाजे नाहीत ना."

"आन पडदा पाह्य."

पडदा काळोखात होता. त्या टोकाला दरवाजे नव्हतेच कधी. दोन्ही बाजूंच्या भगदाडांतून उजेड आडवा आत येत होता आणि जिथं लोक बसणार तिथपर्यंतच पोचत होता.

"अवो, ट्रायपॉड कुठं ठेवला तू!" काकू ओरडल्या. बाबा दचकून उठले.

मग गाव आलं. ट्रॉल्या भरून आलं. आमचं एकट्याचं नाही, शेजारच्या दोन गावांतले पाहुणेही, कारण मंडईला पाहुण्यांना घरी ठेवून कोणी निघत नाही. म्हाताऱ्या, कडेवर पोरं, पिशव्यांत मुरमुरे, एक फुगेवालाही ट्रॉलीत बसून आला. चटईवर बसायचं म्हणून सगळ्यांनी चपला दाराशी काढल्या. टॉकीजच्या दाराशी चपलांचा ढीग! काकूंनी तो पाहिला आणि पोट धरून हसल्या. "मले मारलेली चप्पल यात सापडते का पाहा लागते," म्हणाल्या. एवढी वर्दळ पाहून रस्त्यावरचे लोक डोकावायला लागले. "क्या हुआ, टॉकीज फिर चालू?" आणि जे "फोटो तो मोबाइल में है" म्हणाले होते तेही हळूहळू आत आले, आणि बसायला काही नाही म्हणून आमच्या गावच्या बायांनी सरकून त्यांना आपल्या सतरंजीवर जागा दिली.

आई सगळ्यात शेवटी आत आली. दारात थबकली. बाबांनी हात वर केला, "इकडं ये, जागा धरली तुझी." ती पदर सावरत, लोकांच्या मधून वाट काढत पुढे गेली आणि त्यांच्या शेजारच्या चटईवर बसली.

मी मागच्या भिंतीशी प्रोजेक्टर लावला. पहिला फोटो पडद्यावर आला, गुळगुळीत कडांची तिकीट खिडकी. कुठूनतरी आवाज आला, "अरे, हे तर बजारातली होय! इथंच माझा नवा सदरा फाटला होता गा!" आणि सगळी टॉकीज हसली. मग थांबलंच नाही. प्रत्येक फोटोला कोणीतरी ओळख देत होतं. मुतारीची भिंत आली तेव्हा बाप्ये एवढे हसले की बाया विचारत राहिल्या, काऊन हासता, काऊन हासता. कोणी सांगेना. खुर्चीवर कोरलेलं एक नाव आलं, तर एक शहरातले पोक्त गृहस्थ एकदम खाली बघायला लागले आणि त्यांची बायको त्यांच्याकडे बघायला लागली.

आईनं बाबांना कोपरानं ढोसलं. मोठ्यानं विचारलं, सगळ्यांनी ऐकलं, "तुमाले बरं सगळं ओळखू येऊन राहिलं! मले तं म्हणत होते, गोंदियाले बैल पाहाले चाललो."

"बैलही पाहिले," बाबा म्हणाले. पुन्हा हशा.

आणि काकू? काकू पडद्यापुढच्या त्याच पायरीवर, कॅमेऱ्यामागे, लोकांकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्या पाठीमागे, त्यांच्या डोक्यापेक्षा कितीतरी मोठे, त्यांचे आयुष्यभराचे फोटो एकेक करून येत होते आणि त्या वळून बघत नव्हत्या. मला राहवेना. मी मागून ओरडले, "काकू, मागं पाहा ना! तुमचेच फोटो होय!"

लोकांनीही धरलं. "पाहा ना जी काकू! एकदा पाहा!"

काकूंनी हात हलवला. "तुमी पाहा. मी पाहूनच राहिली."

शेवटचा फोटो मी मुद्दाम ठेवला होता. याच टॉकीजचा, याच पायरीवरून काढलेला, जेव्हा खुर्च्या होत्या. रांगाच रांगा, सगळ्या रिकाम्या. तो आला आणि लोक गप्प झाले. ज्या जागेवर आपण बसलो आहोत तीच जागा समोर दिसते, आणि तिच्यात आपण नाही.  आईचा हात आपोआप गालाशी गेलेला मला मागून दिसला.

खट्.

सोमवारी भिंत पडली. काकू पाहायला गेल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी घंटा वाजवली, नेहमीपेक्षा जोरात, आणि गल्लीला पाणी मिळालं.

माझी पदवी झाली तसं पुढे एक-दोन वर्षांत काकूंनी फुलचूरचं घर विकलं आणि छत्तीसगडात बहिणीकडे गेल्या. तिथं एक जुनी टॉकीज अजून चालते, म्हणून गेल्या. फोनवर सांगत होत्या, तिथले लोक जरा उशिरा हसतात, पण हसले की थांबत नाहीत. जाताना मला म्हणाल्या, एकच वस्तू घे, दुसरी नाही. मी बॅटरी घेतली. मखमली पडदा न्यावासा वाटत होता, पण बॅटरी घेतली.

आता मी दरेकशाकडे एका शाळेत शिकवते. गाडीनं जाते, गाडीनं येते. जंगलातली पोरं, त्यांच्यातली बरीचशी घरातली पहिलीच, शाळेत बसलेली. एखादं पोर फळ्यापुढे अडकलं की सगळं गणित मी त्याच्या तोंडावर मारत नाही. पुढची एक पायरी दाखवते. बाकी ते आपोआप जातं.

काकूंनी तेव्हाच मला काढून दिलेला तो फोटो वर्गात लावला आहे. पोरं त्याच्यापुढे उभी राहतात. चपला नसलेले पाय, चटया, बोरे, सतरंज्या, आणि सगळी तोंडं किंचित वर, काहीतरी पाहणारी. मधोमध, पडद्याच्या बुडाशी, गालाशी हात, तोंड जरा उघडं, माझी आई, आयुष्यात पहिल्यांदा टॉकीजमध्ये आलेली.

"मॅडम, यात तुमी कुठं?" पोरं विचारतात.

मी त्यांना फोटोच्या अगदी मागच्या टोकाला, काळोखात, एक पांढरा गोळा दाखवते. प्रोजेक्टरचा उजेड. त्याच्या मागे मी आहे. तोंड दिसत नाही. पण त्या भरलेल्या टॉकीजमध्ये पडद्याकडे न पाहणाऱ्या आम्ही दोघीच होतो, आणि दोघी एकमेकींकडे बघत होतो.